विषाणूंकडून घेतलेले सांधे

(पडद्यावर राखाडी ठिपके, हळूहळू स्पष्ट होणारी षटकोनी जाळी)

ही जाळी आरएनएची, म्हणजे डीएनएसारख्याच, अक्षरांच्या साखळीच्या रेणूची आहे. अभ्रकाच्या नुकत्याच सोललेल्या पापुद्र्यावर ती पसरली आहे आणि सूक्ष्मदर्शकाची सुई ओळीओळीनं तिला चाचपते आहे. डेन्मार्कमधलं आरहूस विद्यापीठ आणि अमेरिकेतली कॅलटेक ही संस्था इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशी जाळी विणून दाखवली.

(पिपेट, नळी, ३७ हा आकडा)

नळीत आराखड्याचा डीएनए आहे, आरएनएचे सुटे घटक आहेत आणि टी७ पॉलिमरेझ हे एन्झाइम. तापमान ३७ अंश, आपल्या अंगाइतकंच. एन्झाइम आराखडा वाचत पुढे सरकतं आणि मागून आरएनएचा धागा बाहेर पडतो. तो पुरता बाहेर यायच्या आतच त्याच्या घड्या पडू लागतात. आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी, सी. ए ला यू भेटतो, जी ला सी. जोडी जमली की पीळ बसतो. डीएनएच्या अशा रचना करताना मिश्रण आधी खूप तापवून मग सावकाश निववतात. इथे त्यातलं काहीच लागत नाही.

(संगणकावरचं प्रारूप, दोन फासे जवळ येताना)

आता हा सांधा नीट पाहा. धागा स्वतःवरच वळून झालेले दोन फासे, म्हणजे वळसे, समोरासमोर येतात आणि सहा अक्षरांच्या जोड्यांनी एकमेकांत अडकतात. हा सांधा एचआयव्हीचा आहे. आपले दोन जनुकीय धागे एकत्र आणताना तो विषाणू हेच फासे वापरतो.

(फाय २९ विषाणूचं सचेतन चित्र)

त्याच्याही आधीची गोष्ट फाय २९ या विषाणूची. हा जीवाणूंवर जगतो. तो आपला डीएनए इवल्याशा कवचात कोंबतो कसा, एवढंच शोधताना १९८७ मध्ये पेइशुआन ग्वो आणि सहकाऱ्यांना दिसलं, की त्या कामाला एक छोटा आरएनए लागतो. त्याच्या फाशांतली अक्षरं बदलून हवे तसे तुकडे एकमेकांना जोडता येतात, हे १९९८ मध्ये कळलं. आरएनए हे बांधकामाचं साहित्य ठरलं ते इथून. पुढच्या औषधांचा पाया अशाच प्रश्नांत असतो. त्यांना पैसा आणि सवड दोन्ही मिळायला हवी.

(हातमोजे चढवणारे हात)

आपल्या त्वचेवरची एन्झाइमं आरएनए चटकन तोडतात, म्हणून हे हातमोजे. औषधासाठी वापरताना शरीरात तो टिकावा म्हणून साखरेच्या कडीवर फ्लोरिन बसवतात. अशा रचना उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठींपर्यंत पोचल्या आहेत.