उशी नको हं

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज मी बोलणारे एका उशीबद्दल. हसू नका, खरंच उशीबद्दल. म्हणजे बोलायचंय माझ्या दादाबद्दल, पण सुरुवात उशीपासूनच करावी लागते, का ते कळेलच.

दोन वर्षं झाली. गॅसचा भडका उडाला, दादाचा शर्ट पेटला. मान, हनुवटी, छाती, उजवा अख्खा हात आणि डावा पंजा. वहिनीनं त्याला जमिनीवर लोळवून आग विझवली आणि तसंच उचलून नळाखाली धरलं, चांगली वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. कोणी टूथपेस्ट घेऊन आलं, कोणी बर्फ, तिनं दोघांनाही हाकलून लावलं. हे तिला कसं सुचलं देव जाणे, पण नंतर डॉक्टर म्हणाले की अगदी हेच करायला पाहिजे होतं, बर्फानं उलट कातडीचं नुकसान वाढतं.

तीस टक्के भाजलंय, असं आम्हाला सांगितलं. टक्के म्हणजे काय ते पण तिथेच कळलं, एक हात धरला की नऊ, एक पाय अठरा, छाती-पोट मिळून अठरा, असा हिशोब असतो आणि लहानसहान ठिकाणी पेशंटचा स्वतःचा पंजा म्हणजे एक टक्का धरतात. मी तर तीस ऐकून मनात म्हटलं, चला, सत्तर टक्के माणूस शाबूत आहे! किती येडेपणा होता तो.

पहिल्या दिवसाचं सगळं गणित पाण्याचं असतं हे मला माहीतच नव्हतं. भाजलं की रक्तवाहिन्या गळक्या होतात, अंगातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सलाईन ओतावं लागतं. वजन गुणिले टक्के गुणिले चार मिली. दादा सत्तर किलोचा, म्हणजे ८,४०० मिली, आणि त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत, तेही हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही तर भाजल्यापासून मोजायचं. ते पुरतंय की नाही हे कळतं लघवीवरून. तासाला निदान पस्तीस मिली आली पाहिजे. आमच्या बाबांना त्या आकड्याचा नादच लागला. आयसीयूच्या बाहेर बसून सिस्टर दिसल्या रे दिसल्या की विचारायचे, किती? चाळीस म्हटलं की वहीत लिहायचे. अडतीस, लिहायचे. रात्री तीन वाजता सिस्टर म्हणाल्या बावन्न, तर हा माणूस चक्क हसला. मुलाच्या लघवीवर इतका खूश झालेला बाप मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं आणि मी दादाला ओळखलंच नाही. चेहरा सुजून टम्म, डोळे मिटलेले, घशाला सूज येऊन श्वास अडकू नये म्हणून तोंडातून नळी. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं की ही सूज उतरते म्हणून. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल, की पहिले दोन दिवस दिसतो तो चेहरा त्या माणसाचा नसतो. चौथ्या दिवशी डोळे किलकिले झाले आणि त्यानं वहिनीकडे बघून भुवई उडवली. ती त्याची जुनी सवय, चिडवायची.

आता उशी. नळी निघाली, आईला गाऊन, टोपी, मास्क घालून आत पाठवलं. त्याचं डोकं मागे कलंडलेलं, मान ताणलेली, कोणत्या आईला बघवेल. तिनं शेजारच्या रिकाम्या बेडवरची उशी घेतली आणि अलगद त्याच्या डोक्याखाली सरकवली. दादानं डोळे मिटले, बरं वाटलं त्याला. दोन मिनिटांत सिस्टर आल्या आणि ती उशी काढून घेतली. काकू, उशी नको हं, म्हणाल्या. आई बाहेर येऊन जी रडली, की माझ्या लेकराला साधी उशीपण देईनात, काय माणसं आहेत ही.

संध्याकाळी फिजिओच्या मॅडम आल्या, आईच्या शेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, काकू, भाजलेली कातडी भरून येताना आखडते, तिचा धर्मच आहे तो. मान पुढे वाकलेली असताना भरली तर हनुवटी छातीला ओढली जाते आणि मग ती सोडवायला परत ऑपरेशन. त्याला ज्या पोझिशनमध्ये आराम वाटतो ना, त्याच पोझिशनमध्ये तो आखडणार. म्हणून मान मागे, हात बाजूला लांब, बोटांना स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी.

मला त्या बाकावरचं बोलणं अजून आठवतं कारण तिथून आमच्या घरात सगळं फिरलं. तोवर येणारे जाणारे आम्हाला सांगत होते की आशा ठेवा, देवावर सोडा, सगळं नीट होईल. चांगल्या मनानंच सांगत होते पण आशा ठेवायची म्हणजे नक्की करायचं काय हो? कुठे ठेवायची? मॅडमनी आईला काम दिलं. दुसऱ्या दिवसापासून आई म्हणजे उशीची पहारेकरी, नवीन ड्युटीची सिस्टर आली की ही आधी सांगणार, उशी नको हं. रडणं बंद झालं असं नाही म्हणणार मी, पण रडायच्या वेळा ठरल्या.

मग ग्राफ्टिंग. मांडीवरची पातळ कातडी सोलून काढतात, जाळीसारखी करतात म्हणजे ती जास्त जागेवर पसरते, आणि जखमेवर लावतात. गंमत म्हणजे दादाला छातीपेक्षा मांडीच जास्त दुखायची. आम्हाला वाटलेलं छातीचं दुखत नाही म्हणजे तिथे कमी भाजलंय, तर उलटच निघालं, खोल भाजलं की दुखणं कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. ती लावलेली कातडी पहिले एक-दोन दिवस खालून झिरपणाऱ्या पाण्यावर जगते आणि मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरायला लागतात, म्हणून तोवर ती जराही हलता कामा नये. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं. डॉक्टर बाहेर आले, आम्ही चौघं उभे, आणि ते एकच शब्द बोलले, धरलंय. हाताच्या कोपराजवळचा एक तुकडा मात्र नाही धरला, तो नंतर परत लावावा लागला, पण त्या दिवशी आम्ही तो तुकडा ऐकलाच नाही.

घरी आल्यावर सोपं होईल असं वाटलं होतं. कसलं सोपं. हॉस्पिटलात निदान व्यायाम घ्यायला मॅडम होत्या, घरी ते काम माझ्याकडे. उजवा हात खांद्यातून वर न्यायचा, भिंतीवर बोटं चढवत चढवत. आमच्या बाथरूमबाहेरच्या भिंतीला टाइल्स आहेत, मी पेन्सिलनं खुणा करायचे. सोमवारी चौथी टाइल. बुधवारी चौथी. शुक्रवारी तिसरी! मला रडू फुटलं, दादानं मला शिव्या घातल्या, मी त्याला घातल्या, वहिनी म्हणाली दोघं गप बसा आणि परत करा. तो ओरडायचा, सोड, दुखतंय, आणि मी सोडायचे नाही. ज्याला आयुष्यात कधी चिमटा काढला नाही त्या माणसाचा हात मी तो ओरडत असताना ताणून धरत होते. प्रेम म्हणजे उशी देणं एवढंच आम्हाला माहीत होतं ना.

आणि खाज. ह्याबद्दल कोणी बोलत नाही. दुखणं संपलं की खाज सुरू होते आणि ती रात्रीच येते. घट्ट प्रेशरचे कपडे तेवीस तास घालायचे, अंघोळीपुरते काढायचे, व्रण उंच वाढू नये म्हणून. ग्राफ्टच्या कातडीला घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी नसतात म्हणून दिवसातून चार-पाचदा क्रीम, आणि गरमीत जीव नकोसा. हे दीड वर्षं. पहिल्या महिन्यात कोणी दीड वर्षं म्हटलं असतं तर मी कोसळलेच असते, बरं झालं नाही सांगितलं. नाही, थांबा, खरं तर मॅडमनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न काय असायचा माहितीये? चेहरा कसा आहे. हात चालतो का, झोप लागते का, ते नंतर. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेड नावाच्या गावी आर्चिबाल्ड मॅकइंडो म्हणून सर्जन होते, भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करायचे. त्यांनी गावातल्या लोकांना जाऊन सांगितलं की ही पोरं गावात फिरतील, त्यांना घरी बोलवा, टक लावून बघू नका. लोकांनी ऐकलं, आणि न बघणारं गाव असंच त्या गावाचं नाव पडलं. त्या पेशंटांनी १९४१ साली स्वतःचा एक क्लबच काढला, नाव ठेवलं गिनी पिग क्लब, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करतात त्या प्राण्यांचा क्लब. मी हे दादाला वाचून दाखवलं तर म्हणाला, नाव भारीये.

तो पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा मोठी माणसं सगळी आकाशाकडे नाहीतर मोबाईलकडे बघत होती. तेवढ्यात एक सहा-सात वर्षांचा पोरगा सरळ समोर येऊन उभा राहिला. काका, हे दुखतं का? दादा म्हणाला, नाही रे, खाजतं. पोरगा म्हणाला, मला डास चावल्यावर पण खाजतं. आणि गेला खेळायला. त्या दिवसानंतर दादा रोज खाली उतरायला लागला.

आज हात आठव्या टाइलला लागतो. नववी नाही लागत, कदाचित नाहीच लागणार, मान डावीकडे थोडी कमी वळते. गेल्या महिन्यात फॉलोअपला मॅडमनी मान तपासली आणि म्हणाल्या, आता घ्या उशी. आईनं घरी येऊन कपाटातून नवीकोरी काढली, तिनं ती कधीची आणून ठेवली होती कोणाला न सांगता. दादानं डोकं टेकवलं, पाच मिनिटं इकडे तिकडे केलं आणि उशी उचलून आईकडे दिली. म्हणाला, आई, सवय गेली गं, झोपच येत नाही हिच्यावर.

आई ती उशी मांडीवर घेऊन बसली आणि इतकी हसली की बाबा टीव्ही बंद करून बघायला आले काय झालं म्हणून.