नाव, वय आणि पाव: ग्रेटा फिशर यांचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

१९४५ चा जुलै. जर्मनीतल्या डाखाऊ या नाझी छळछावणीच्या गावापासून जवळच असलेल्या क्लोस्टर इंडर्सडॉर्फ या जुन्या मठात ‘उन्रा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेच्या १८२ क्रमांकाच्या तुकडीनं युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी बालकेंद्र उघडलं. या तुकडीत होत्या ग्रेटा फिशर. चेकोस्लोव्हाकियातून लंडनला निसटलेल्या ज्यू बाई; आईवडील मागे राहिले, ते नाझींच्या हातून मारले गेले. लंडनमध्ये बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या पाळणाघरात त्या एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या: मुलं घोळक्यात वाढत नाहीत. म्हणून इथंही लहान लहान गट केले आणि प्रत्येक गटाला कायमचं एक मोठं माणूस दिलं.

तयारी होती लहान मुलांची. आली मात्र बरीचशी सोळा-सतरा वर्षांची, छळछावण्यांतून वाचलेली. ती ताटातला पाव खिशात कोंबायची, गादीखाली लपवायची. मुलांना रागवून काही उपयोग नव्हता, कारण उद्या जेवण मिळेल यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. मग हवा तेवढा पाव खाऊ द्यायचा, रोज, न चुकता. लपवणं हळूहळू आपोआप थांबलं. उपदेशानं जे कधीच साधलं नसतं, ते भरल्या टेबलानं साधलं.

खरं जिकिरीचं काम होतं नोंदणीचं. कागदपत्रं जवळपास कुणाकडेच नव्हती. छावणीत जीव वाचवायला अनेकांनी वय वाढवून सांगितलेलं. आता ब्रिटननं सोळा वर्षांखालच्या एक हजार अनाथांना प्रवेश देऊ केला, तेव्हा तेच वय कमी करून सांगावं लागे. एकच पोलिश आडनाव जर्मन कारकून एका तऱ्हेनं लिही, इंग्रजी टंकलेखक दुसऱ्या; मग हरवलेल्या माणसांच्या शोधकार्यालयात नातेवाइकाचं कार्ड असूनही जुळणी होत नसे. नाझींनी पळवून जर्मन घरांत वाढवलेल्या पोलिश मुलांचं तर नावच बदललेलं, मातृभाषा विसरलेली. अशा मुलांपुढे शोधपथकं पोलिश अंगाई म्हणून पाहत, काही आठवतंय का ते कळावं म्हणून.

म्हणून चौकशी एका बैठकीत उरकता येत नसे. मूल बोलू लागेपर्यंत थांबायचं, मग गावाचं नाव, शाळा, भावंडं असं थोडं थोडं विचारायचं. त्या ऑक्टोबरात प्रत्येक मुलाच्या हाती त्याच्या नावाची पाटी देऊन छायाचित्रं काढली गेली, म्हणजे कुठं कुणी जिवंत असेल तर ओळखेल.

पुढे ग्रेटाबाई कॅनडात गेल्या आणि तिथं आलेल्या अनाथ मुलांसाठी राबल्या. त्यानंतर जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात त्यांनी समाजकार्य विभाग उभा केला.