मॉर्फिनची चिठ्ठी लिहायला कोण शिकवणार?

नमस्कार मंडळी. निपाणीच्या तंबाखूबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? आणि तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल तरी काय? उपचार थकले की पेशंटला घरी आणतात, आणि घरच्यांचं एकच मागणं असतं: डॉक्टर, निदान कळा तरी थांबवा.

त्यासाठी मॉर्फिनची गोळी आहे. ती ज्या अफूपासून बनते ती आपल्याच देशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्यावर पिकते. 2014 साली अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या औषधांचा अत्यावश्यक असा वेगळा गट झाला, रुग्णालयांची लायसनची धावाधाव कमी झाली. तरी घोडं अडतं ते डॉक्टरच्या पेनापाशी. मॉर्फिनवर परीक्षेत पानभर लिहिणारा मुलगा चिठ्ठीवर ते लिहायला कचरतो. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदनाशमन आलंय, बरं झालं. पण हे काम खाटेशेजारीच शिकता येतं.

खानापूरकडच्या आजींना 'दुखणं शून्य ते दहात किती?' असं विचारलं की त्या सुनेच्या तोंडाकडे बघतात. 'आजी, रुपयात किती आणे दुखतंय?' म्हणा. 'बारा आणे हाय बघ.' हे केसपेपरवर लिहायचं, आणि गोळीनंतर पुन्हा विचारायचं.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. पेशंट कण्हायची वाट बघायची नाही. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. नवे डॉक्टर नेमकं हेच विसरतात, मग शौचाला होत नाही म्हणून पेशंट गोळीच सोडतो. किडनी कमजोर असेल तर डोस बेतानं. दारूची सवय आहे का, हे आधी विचारायचं, आणि लाजायचं नाही.

आता दुसरी बाजू. कंबरदुखीला महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉल, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीची वेदनाशामक गोळी, तेही जुनी चिठ्ठी दाखवून! 2018 पासून तेही एनडीपीएसखाली आहे. ऑपरेशननंतर अशी गोळी लागलीच तर थोड्या दिवसांपुरती लिहावी. बरेच दिवस चालू असलेली एकदम तोडू नये, डोस टप्प्याटप्प्यानं उतरवावा. मॉर्फिनला घाबरणारा आणि ट्रॅमाडॉल खिरापतीसारखं वाटणारा डॉक्टर पुष्कळदा एकच असतो, हे मला फार खटकतं.

म्हणून माझं म्हणणं, बेळगावच्या मेडिकल कॉलेजांतल्या प्रत्येक इंटर्ननं वरिष्ठांसमोर बसून मॉर्फिनची एक तरी चिठ्ठी तयार करावी, आणि एका तरी पेशंटची गोळी उतरवत बंद करून दाखवावी. त्याशिवाय इंटर्नशिपच्या वहीवर सही करू नये.