बाहुलीच्या टाचण्या

(गावच्या वाचनालयातील व्याख्यान, संपादित)

मागे उभ्या पोरींनो, पुढे सतरंजीवर या, जागा आहे. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘झपाटलेल्या बाहुल्यांची भीती का वाटते?’ ते सांगतेच. पण आधी रॉबर्ट.

अमेरिकेत फ्लोरिडाला की वेस्ट नावाचं बेट आहे. तिथल्या संग्रहालयात खलाशाच्या कपड्यातला एक बाहुला काचेच्या पेटीत बसलाय. १९०४च्या सुमारास ऑटो घराण्यातल्या मुलाला तो मिळाला. मुलाचं नाव रॉबर्ट, बाहुल्याचंही तेच. घरात काही फुटलं की पोरगा म्हणायचा, ‘मी नाही, रॉबर्टनं केलं,’ अशी गोष्ट सांगतात. आजही लोक फोटो काढण्याआधी त्याची परवानगी मागतात. न विचारता काढला आणि मागून काही वाईट झालं, तर माफीची पत्रं पाठवतात.

आता ऐका. हा बाहुला जर्मनीच्या श्टाइफ कंपनीचा, म्हणजे टेडी बेअर बनवणाऱ्यांचा. तरी दंतकथा काय म्हणते? घरातल्या बहामाकडच्या मोलकरणीनं मालकावरच्या रागातून करणी करून दिला. माल कारखान्याचा आणि आळ मोलकरणीवर! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण आमच्या गल्लीतली मावशी आठवली.

मावशी एकटी राहायची. दिवसा निंदणाला, वेचणीला जायची, संध्याकाळी चिंध्यांच्या बाहुल्या शिवायची. जुन्या लुगड्याचा तुकडा, पोटात सरकीचा कापूस, डोळ्याच्या जागी काळ्या दोऱ्याचे दोन टाके. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही पोरी गाणी म्हणून, खिरापत ओळखून आलो की ती एकेकीच्या हातात बाहुली द्यायची. पैसे घ्यायची नाही. शिवण्याआधी कापड सरकू नये म्हणून छातीला, हाताला, पोटाला टाचण्या लावून ठेवायची. मी तिच्याजवळ बसून त्या एकेक करून डबीत टाकायची, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

एका पावसाळ्यात गल्लीतल्या एका पोराला कावीळ झाली. त्याच्या अंगणात टाचण्या लावलेली अर्धवट बाहुली सापडली. कुत्र्यानं ओढत नेली असेल, कोणी आणून टाकली असेल, कोणी विचारलंच नाही. मांत्रिक आला. त्यानं लिंबू कापलं, बाहुलीकडे पाहिलं आणि ‘हिला शिवणारी गावातच आहे’ एवढंच बोलला. तेवढं पुरलं. त्याच रात्री घराघरातल्या बाहुल्या नाल्यात गेल्या. पोरगा पुढं दवाखान्यातल्या औषधानं उठून बसला, पण मावशीला निंदणाला कोणी बोलावेना, विहिरीवर ती आली की बाया बाजूला होत. दिवाळीआधी ती लेकीच्या गावी गेली, ती परत आली नाही. आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करणं आता गुन्हा आहे. मावशीच्या वेळी तो नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आपल्याच मातीत याच्या उलटही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत! ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तिचा पुतळा गावाबाहेर नेतो. गावाचं दुखणं पुतळ्याच्या डोक्यावर जातं आणि माणसं एकमेकांना धरून घरी येतात. पुतळ्यानं आळ स्वतःवर घेतला, कोण्या बाईवर ढकलला नाही. मला मारबत आवडते ती यासाठी.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, शेवटची एसटी आहे. तर भीती. १९०६ साली येन्श नावाच्या जर्मन डॉक्टरांनी लिहिलं की वस्तू जिवंत आहे की निर्जीव, याचा निकाल मनाला लागत नाही तेव्हा अंगावर काटा येतो. १९१९मध्ये मनोविश्लेषक फ्रॉईडनं तो धागा पुढं नेला. १९७०मध्ये जपानच्या मासाहिरो मोरी यांनी यंत्रमानवाबद्दल मांडलं की आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आवडू लागते, पण अगदी जवळ पोचून थोडक्यात चुकली की एकदम किळस येते. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या देवळातली ओकिकू बाहुली, जिचे केस वाढतात असं म्हणतात, ती याच काठावरची.

आता जोडा. मोरींच्या हिशेबानं चिंध्यांची बाहुली माणसापासून फार दूर. तिनं घाबरवायला नको. भुताच्या सिनेमांतली प्रसिद्ध अमेरिकन बाहुली ॲनाबेलही खरी चिंध्यांचीच, लाल लोकरीच्या केसांची. पडद्यावर आणताना तिचा चेहरा बदलून भेसूर करावा लागला. मग मावशीच्या बाहुलीला आमचं गाव का घाबरलं? डोळ्यांना भीती वाटली नव्हती. ती कानांनी आली होती.

सगळ्या बाहुल्या नाल्यात गेल्या असं मी म्हणाले, ते पूर्ण खरं नाही. माझ्या आईनं एक ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती. ही ती. डावा हात उसवलाय, जपून धरा. पहिल्या रांगेतून मागे देत चला, त्या शेवटच्या पोरीपर्यंत जाऊ द्या.