मुक्काम पोस्ट वारा

(दृश्य : बारकारेसचा किनारा. वाळूत रुतलेलं पांढरं जहाज. मागे आकाशात काइट.)

हे जहाज वादळात भरकटून इथे आलेलं नाही. हिचं नाव ‘लिडिया’. 1931 साली डेन्मार्कमध्ये बांधलेली ही प्रवासी बोट आधी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर चालली, पुढे भूमध्य समुद्रात. 1967 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, बारकारेस गावच्या वाळूत ती मुद्दाम आणून उभी केली, पर्यटक यावेत म्हणून. पर्यटक आलेही. पण वसंतात इथे पोलंड, हॉलंड, इटलीच्या नंबरप्लेट लावलेल्या व्हॅनची जी रांग लागते, ती बोट बघायला नाही. ती वाऱ्यासाठी, काइटसर्फिंगसाठी. म्हणजे मोठ्या पतंगाच्या, काइटच्या, ओढीनं बोर्डावर उभं राहून पाण्यावरून धावायचं आणि उडायचं.

त्या वाऱ्याला ट्रामोंतान म्हणतात. एका बाजूला पिरनीजची रांग, दुसऱ्या बाजूला मध्य फ्रान्सचं पठार. मधल्या फटीत शिरलेला वायव्येचा वारा समुद्राकडे धावतो आणि या सपाट काठावर पोचेपर्यंत पिसाळलेला असतो. आज तो 40 नॉटच्या आसपास आहे, म्हणजे ताशी साधारण 74 किलोमीटर. वाळूचे लोट बघा, गुडघ्याच्या उंचीवरून कसे वाहतायत. ‘लॉर्ड्स ऑफ ट्राम’ ही उंच उड्यांची स्पर्धा याच वाऱ्यावर होते. तिला ठरलेली एक तारीख नसते. आयोजक काही आठवड्यांचा कालावधी जाहीर करतात, हवामानाच्या नकाशाकडे डोळे लावून बसतात आणि पुरेसा वारा दिसला की खेळाडूंना बोलावतात.

(दृश्य : व्हॅनचं मागचं दार उघडतं.)

ही आपली व्हॅन. एकेकाळी सामान पोचवायची. आता मागे प्लायवूडचा पलंग आहे, पलंगाखाली पाच काइट, तीन बोर्ड, दोन पंप आणि कांदे-बटाट्यांची एक जाळी. मालक दोघं, पोलंडचे बहीण-भाऊ. ती फ्रीस्टाइल खेळते, म्हणजे हवेतल्या कसरती. तो उंच उड्या मारतो, गाडी चालवतो आणि स्वयंपाक करतो. दोघं काइट शिकले बाल्टिक समुद्रात घुसलेल्या हेल नावाच्या चिंचोळ्या द्वीपकल्पावर, उथळ खाडीत. त्यांची नावं या फिल्ममध्ये नाहीत. रात्री आपली गाडी कुठे उभी असते हे सगळ्या जगाला कळू नये, एवढीच त्यांची अट होती. ती अट का घालावी लागली, ते पुढे येईलच.

(दृश्य : व्हॅनमध्ये रात्र. डोक्याला बॅटरी लावून ती काम करतेय.)

आज दुपारी तिचा नऊ मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटर कापडाचा, काइट पाण्यात पडला आणि पुन्हा उठलाच नाही. पुढच्या नळीतली हवा गेली होती.

काइटची पुढची कड म्हणजे हवा भरलेली जाड नळी. बाहेरून जाड विणीचं कापड, आत पातळ प्लास्टिकचा ब्लॅडर. तो ब्लॅडर बाहेर काढायचा तर आधी त्याच्या दोन्ही टोकांना दोरी बांधायची. दोरी विसरलात तर दुरुस्ती झाल्यावर तो परत आत ओढायचा कसा, या प्रश्नावर रात्र जाते. मग ब्लॅडर अलगद बाहेर, त्यात थोडी हवा, वरून भांडी घासायच्या साबणाचं पाणी. हात फिरवत जायचं. इथे बघा. बोटाच्या पेराएवढ्या जागेत एकामागून एक बारीक बुडबुडे. छिद्र टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. कापड आणि ब्लॅडर यांच्या मध्ये अडकलेला वाळूचा एक खडा पुरतो त्याला.

पेनानं खूण करायची. पाणी टिपायचं, स्पिरिटनं पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं. घाई केली की ठिगळ दुसऱ्या दिवशी निघून येतं. ठिगळ चिकटवून चमच्याच्या पाठीनं दाबत राहायचं. शेवटी सगळ्या ब्लॅडरला टाल्कम पावडर, म्हणजे आत सरकताना तो पीळ खात नाही. हे काम दुकानात देता येतं. पण दुकान उघडेपर्यंत वारा थांबेल याची हमी कोण देणार?

या हवा भरलेल्या नळीवरच हा खेळ उभा आहे. फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या ब्रूनो आणि डॉमिनिक लगेन्यू या दोन भावांनी 1984 साली तिचं पेटंट घेतलं. पाण्यात पडलेला पतंग बुडू नये आणि माणसाला तो तिथूनच पुन्हा उडवता यावा, हा त्यांचा ध्यास होता. लोकांनी त्यात रस घ्यायला पुढे बरीच वर्षं गेली. त्यांचे ‘विपिका’ काइट बाजारात आले ते 1997 मध्ये. आज ज्या खेळाची ऑलिंपिकमध्ये शर्यत होते, तो एवढा तरुण आहे.

(दृश्य : महामार्ग, टोलनाके, मग एकदम पिवळी वाळू.)

तारिफा. युरोपच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. समोर धुक्यातून वर आलेले डोंगर दिसतायत ते मोरोक्कोचे. मधल्या सामुद्रधुनीची रुंदी अवघी 14 किलोमीटर. इकडे स्पेनचे डोंगर, तिकडे आफ्रिकेचे, आणि दोन्हींच्या मधून हवेला जायला एवढीच वाट. पूर्वेकडून आला तर तो लेवांते, पश्चिमेकडून आला तर पोनियेंते. पोनियेंते समंजस आहे. लेवांते सुरू झाला की दिवसच्या दिवस थांबत नाही, आणि त्यानं डोकं फिरतं असं इथले लोक अगदी गंभीरपणे सांगतात.

वाल्देवाकेरोसची ही टेकडी म्हणजे सगळी वाळू. लेवांते ती रोज थोडी पुढे ढकलतो. शेजारचा रस्ता गाडला जातो, यंत्रं येऊन तो मोकळा करतात, पुन्हा गाडला जातो. टेकडीच्या पायथ्याशी पाणी सपाट. फ्रीस्टाइलवाल्यांना असंच पाणी हवं असतं.

आता तिच्याकडे नीट बघा. कमरेच्या पट्ट्याच्या हुकात अडकवलेली काइटची कडी ती मुद्दाम सोडवते. सगळी ओढ आता फक्त दोन हातांवर. बोर्डाची कड पाण्यात रुतवून ती ओढ साठवते, सोडते, वर जाते. हवेत अंग फिरवताना बार, म्हणजे काइटचा दांडा, पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात. एवढ्यात काइट खाली गोता खायला लागलेला असतो. उतरताना पाय वाकलेले, नजर समोर. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. पंच त्यातली अवघडता, सफाई आणि ताकद बघतात. याच खेळातली गिसेला पुलिदो बार्सिलोनाजवळच्या गावातली. 2004 साली, वयाच्या दहाव्या वर्षी ती जगज्जेती झाली. तिचं कुटुंब वाऱ्यासाठी इथे तारिफाला राहायला आलं. आमच्या बहीण-भावाचं कुटुंब दर उन्हाळ्यात गाडीतूनच येतं, फरक एवढाच.

(दृश्य : व्हॅनचं चाक. चाकाखाली फळी नाही, बाहेर खुर्ची नाही.)

हे चित्र मुद्दाम मोठं घेतलंय. स्पेनच्या वाहतूक खात्यानं 2008 मध्ये एक सूचना काढली. गाडी नियमानं उभी असेल, चाकांखेरीज तिचं काहीही जमिनीला टेकत नसेल, छत बाहेर ओढलेलं नसेल आणि पाणी सांडत नसेल, तर ती ‘उभी केलेली गाडी’. आत माणूस झोपलाय की जागा आहे, याच्याशी वाहतूक खात्याला देणंघेणं नाही. पण एक घडीची खुर्ची बाहेर काढलीत की तो झाला तळ, आणि तळ ठोकायला बहुतेक किनाऱ्यांवर बंदी. म्हणून या व्हॅनबाहेर खुर्ची नाही, ओला वेटसूटही आतच टांगलेला. तरीसुद्धा एका गावात, रात्री दोनच्या पुढे, पत्र्यावर टकटक झाली आणि दंडाची पावती हातात पडली.

वारा कुणाच्या कॅलेंडरवर चालत नाही. स्पर्धा आठवडाभराची असते आणि त्यातले चार दिवस ‘थांबा’चा झेंडा खाली येत नाही. सगळे वाट बघत बसलेले. त्या चार दिवसांचं हॉटेलभाडं ज्याला परवडतं तो थांबतो. ज्याला परवडत नाही तो गाडीत झोपतो. किनाऱ्यावरची गाडीत झोपायची जागा बंद केली की कोण उरतं, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. तारिफालाच 2012 मध्ये नगरपरिषदेनं वाल्देवाकेरोसच्या मागच्या जमिनीवर हॉटेलं आणि 350 घरांचा आराखडा मंजूर केला होता. गावातले, बाहेरचे, पर्यावरणवाले, काइटवाले सगळे विरोधात उतरले आणि पुढे न्यायालयानं तो रद्द केला. म्हणून मागे अजून गवत आणि गाई दिसतायत.

इथल्या स्पर्धेत बहीण दुसऱ्या फेरीत बाहेर पडली.

(दृश्य : ज्युलियर खिंड. व्हॅन चढावर, मागे गाड्यांची रांग.)

स्वित्झर्लंड. 2,284 मीटर उंचीची खिंड, आणि व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये. भाऊ एक शब्द बोलत नाही, त्याचं सगळं लक्ष इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर. मग उतार, आणि झाडांमधून अचानक हे निळं पाणी.

सिल्वाप्लानाचं सरोवर 1,791 मीटरवर आहे. ऑगस्टमध्ये इथे ‘एंगाडीनविंड’ हा वाऱ्यावरच्या खेळांचा महोत्सव भरतो. इथला वारा सगळ्या डोंगरांच्या नियमाला अपवाद आहे. एरवी दिवसा ऊन तापलं की वारा दरीतून वर चढतो. इथे तो उलटा, दरीच्या वरच्या तोंडाकडून खाली येतो. कारण पलीकडच्या बेर्गेल दरीतली तापलेली हवा मालोया खिंड चढते, खिंड ओलांडते आणि थांबायचं सोडून या बाजूला सरोवरांवर उतरते. मालोया वारा तो हाच. सकाळी पाणी आरशासारखं असतं. आकाश निरभ्र असेल तर दुपारच्या सुमारास पश्चिमेच्या कोपऱ्यात एक काळसर रेघ उमटते, रेघ जवळ येते, आणि किनाऱ्यावरचे पंप एकदम सुरू होतात.

उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तेवढ्याच वाऱ्यात ओढ कमी. तारिफाला नऊ मीटरचा काइट घेणारी ती इथे बारा मीटरचा फुगवतेय. पाणी बर्फाचं, बोटं वाकत नाहीत. पण पाण्याला लागूनच कॅम्पिंगची जागा आहे. पैसे भरा, गाडी लावा, नळाचं पाणी, गरम अंघोळ, रात्री कुणी उठवत नाही. असं करता येतं, हे दाखवायला आम्ही तिथे जरा जास्तच वेळ कॅमेरा चालू ठेवला. या कपडे वाळत घालायच्या दोरीवर किती देशांचे वेटसूट आहेत, मोजून बघा.

(दृश्य : वरून, ड्रोन. वाळू संपतच नाही. खांबांवरची लाकडी घरं.)

उत्तर जर्मनी, सांक्ट पीटर-ऑर्डिंग. किनारा 12 किलोमीटर लांब, आणि ओहोटीला एवढा रुंद की समुद्र शोधावा लागतो. ही उंच खांबांवरची घरं भरतीपासून वाचण्यासाठी. पैसे भरून दिवसा गाडी थेट वाळूवर आणता येते, संध्याकाळी ती काढावीच लागते. आज वारा आहे, गर्दी आहे, लाउडस्पीकर आहे.

ऑलिंपिकची गोष्टही इथेच सांगून टाकू. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेच्या समुद्रात. महिलांमध्ये ब्रिटनची एली ऑल्ड्रिज, पुरुषांमध्ये ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस, या दोघांना सुवर्ण. सिंगापूरचा मॅक्स मेडर तेव्हा सतरा वर्षांचा, त्याला कांस्य. ती पाण्याखालच्या पंखावर, फॉइलवर तरंगत जाणारी शर्यत. तिथे आता महासंघ आहेत, प्रशिक्षक आहेत. फ्रीस्टाइल आणि उंच उड्या ऑलिंपिकबाहेर आहेत, म्हणजे त्यांचं डिझेल ज्याचं त्यानं भरायचं.

भावाचा खांदा या किनाऱ्यावर निखळला. बक्षिसाचे पैसे डिझेलला पुरले नाहीत. घरी जाताना गाडी तिनं चालवली.

(दृश्य : हेलच्या खाडीकाठी उभ्या व्हॅन. ती एक छापील कागद कॅमेऱ्यासमोर धरते.)

हे पत्र तिनं स्पर्धांच्या आयोजकांना पाठवलंय. मागणी साधी आहे. स्पर्धेच्या दिवसांत, वाट बघण्याचे दिवस धरून, खेळाडूंच्या गाड्यांसाठी गावाशी बोलून एक मैदान ठरवा. एक नळ, एक संडास, सांडपाणी ओतायला एक जागा. भाडं आम्ही देऊ. खाली आजपर्यंत ज्यांनी सह्या केल्या, त्यातले बरेच जण तुम्ही या फिल्ममध्ये उडताना पाहिलेत. दोन आयोजकांनी होकार कळवलाय, बाकीच्यांची उत्तरं यायची आहेत.