वजन उतरल्यानंतरचे मन

मित्रहो, वजन कमी करण्यासाठी दवाखान्यात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्याच भेटीत विचारतो, "डॉक्टर, किती दिवसांत किती किलो?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले असते. वजन उतरवणे ही एक मोहीम आहे, ती ठरलेल्या मुदतीत फत्ते होईल आणि मग आपण पूर्वीसारखे जगायला मोकळे होऊ, असे ते गृहीतक आहे. आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः याविषयी, कारण उतरलेले वजन परत येण्याची सुरुवात ताटात होण्याआधी या कल्पनेत होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

मनाविषयी बोलण्याआधी शरीराची बाजू मांडली पाहिजे. 1944 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. सदसद्विवेकाच्या कारणाने युद्धात लढण्यास नकार दिलेले 36 निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. त्यांना 24 आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेली ही मुले त्या काळात दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली, ताटल्या चाटू लागली. पुढे मोकळेपणाने खायला मिळाल्यावर पोट भरले तरी खाणे थांबवणे त्यांच्यापैकी अनेकांना जमेना. दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या एका अमेरिकी स्पर्धेतील 14 स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. या स्पर्धकांनी सरासरी 58 किलो उतरवले होते, त्यांपैकी सुमारे 41 किलो परत आले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होते. म्हणजे वजन उतरले की शरीर भूक वाढवते आणि खर्चाला कात्री लावते. ज्याचे वजन परत वाढते तो बहुधा स्वतःला आळशी ठरवतो, घरातले लोकही तेच ठरवतात, आणि हा निवाडा वस्तुस्थितीला धरून नसतो. तो निरुपद्रवीही नसतो, कारण स्वतःला अपराधी मानणारा माणूस आधी वजनकाट्यावर उभा राहणे सोडतो आणि मग डॉक्टरकडे येणेही सोडतो. म्हणून मानसिकता बदलायची तर शरीर आपल्याविरुद्ध कट करत नसून जुन्या सवयीने आपले रक्षण करू पाहते आहे, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

बोरिवलीला राहणाऱ्या आणि फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या एका बाईंचे उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. जूनमध्ये त्यांनी आहार आखून घेतला होता आणि श्रावण संपेपर्यंत तो मनापासून पाळला होता. वजन उतरले होते, गुडघे बरे होते. गौरी जेवल्या त्या दिवशी सासूबाईंच्या आग्रहाखातर त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप घेतले. पुरणपोळीने फारसे काही बिघडत नाही. बिघडले ते त्या संध्याकाळी, आवरासावर करताना. त्या मला म्हणाल्या, "ओट्याशी उभी राहून उरलेलं पुरण चमच्याने खात होते, भूक नव्हतीच. मनात एवढंच येत होतं, की आता मोडलंच आहे, तर राहू दे. दिवाळी झाली की नव्याने सुरू करू." गौरी-गणपती ते दिवाळी एवढ्या काळात त्यांचे सगळे वजन परत आले. दोन पोळ्यांनी ते आले नव्हते, "मोडलंच आहे" या दोन शब्दांच्या आधारावर गेलेल्या आठवड्यांनी ते आले होते.

या मनोवस्थेचा अभ्यास झालेला आहे. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिले आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवे तितके आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, जे पोटाच्या हिशेबाने योग्यच होते. ज्या कायम डाएटवर असत, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की त्या दिवसापुरते बंधन संपले, असा त्यांच्या मनाने अर्थ लावला. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात, त्यातही बंधन आणि अतिरेक यांची हीच जोडी आहे. म्हणून नियम जितका कडक तितका निश्चय पक्का, ही समजूत मला धोकादायक वाटते. 'गोड बंद', 'भात बंद', 'रात्रीचे जेवण बंद' असे नियम उत्साहाच्या भरात सोपे वाटतात, पण त्यांना पाळणे आणि मोडणे याखेरीज तिसरी अवस्था नसते. ते एक तर पाळले जातात, नाही तर पूर्ण कोसळतात.

यावर उपाय काय? त्या बाईंशी बोलून आम्ही एकच गोष्ट ठरवली: काहीही खाल्ले गेले तरी पुढचे जेवण नेहमीचे असेल. प्रायश्चित्त म्हणून उपास करायचा नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचे नाही आणि सोमवारची वाट पाहायची नाही. या साध्या नियमाला शास्त्राचा आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सवयी कशा लागतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृती अंगवळणी पडायला साधारणपणे 66 दिवस लागले, पण कोणाला 18 पुरले तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. 21 दिवसांत सवय लागते या लोकप्रिय समजुतीला त्यात आधार मिळत नाही. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचा निष्कर्ष असा, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला लक्षणीय धक्का बसला नाही. खंड पडणे ही सवयीच्या घडणीतलीच गोष्ट आहे, हे ज्याला पटले त्याचे निम्मे भय गेले.

दुसरी गोष्ट निर्णयांची. दिवसभराच्या कामानंतर, विरार फास्टच्या गर्दीतून उतरलेल्या माणसाकडून मनोबलाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे की "मी व्यायाम करीन" अशा मोघम संकल्पापेक्षा, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी अमुक करीन, असा आधीच बांधलेला संकल्प तडीला जाण्याची शक्यता अधिक असते. त्या बाईंनी ठरवले, की बोरिवली स्टेशनचा जिना उतरला की शेअर रिक्षाच्या रांगेकडे वळायचे नाही, सरळ चालत घरी जायचे. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी रिक्षा, आणि त्याचे वाईट वाटून घ्यायचे नाही. जिमची वर्षाची फी एकदम भरण्यापेक्षा या निर्णयावर माझा अधिक विश्वास आहे, कारण रोज संध्याकाळी नव्याने काही ठरवावे लागत नाही.

शिवाजी पार्कला पहाटे जाऊन पाहावे. वर्षानुवर्षे फेऱ्या मारणारी जी मंडळी तिथे दिसतात, त्यांना आज किती कॅलरी जळल्या असे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. कट्ट्यावर सोबती वाट पाहत असतात, एक दिवस गेले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते, आणि आपण सकाळी फिरायला जाणारा माणूस आहोत ही स्वतःविषयीची ओळख पक्की झालेली असते. तंदुरुस्ती टिकते ती या ओळखीवर. "मी सध्या डाएटवर आहे" या वाक्यातला 'सध्या' हा शब्द मोहीम संपण्याची तारीखच सांगत असतो.

अपेक्षांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना वजनात 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम एवढेच उद्दिष्ट दिले होते, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी 7 टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. एवढे उतरले की माझ्याकडे येणारे बरेच जण खिन्न होतात, कारण त्यांच्या मनात लग्नाच्या अल्बममधले वजन असते. आरोग्याचा मोठा लाभ पदरात पडलेला असताना माणूस स्वतःला नापास ठरवतो आणि सगळे सोडून देतो, हे पाहून मला फार वाईट वाटते. आपण भारतीयांनी तर कमरेच्या घेराकडेही पाहायला हवे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा लक्षात ठेवावी.

मन सर्वशक्तिमान आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. येण्याजाण्यात तीन तास घालवून पाच तास झोपणाऱ्या माणसाची भूक अपुऱ्या झोपेनेच वाढते, आणि जिथे पदपथच मोकळे नाहीत तिथे चालण्याचा उपदेश अपुरा आहे. काहींना औषधांची गरज असते आणि ती घेण्यात कमीपणा नाही. पण हल्लीची इंजेक्शनेसुद्धा मोहीम म्हणून घेतली तर तेच होते: 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइड आणि त्यासोबतचे मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले.

अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालवली जाते, तिच्यात किमान 13.6 किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची माहिती ठेवतात. त्यांचे आहार एकसारखे नाहीत. बहुतेक जण नियमित चालतात, वारंवार वजन पाहतात, आणि काटा थोडा वर गेला की तेव्हाच सावरतात. ज्यांनी वजन दोन ते पाच वर्षे टिकवले, त्यांचे पुढेही टिकण्याची शक्यता बरीच वाढते, असे त्या नोंदींतून दिसले. मुदत विचारणाऱ्यांना मी म्हणूनच आता किलोंचा आकडा सांगत नाही. पहिली दोन वर्षे जपा, असे सांगतो.