उतरलेला ताप परत चढतो तेव्हा

आषाढात फोंड्याच्या जुन्या घरात कपाट उघडलं की आधी कुबट वास येतो. चामड्याच्या चपलेवर पांढुरकी बुरशी धरलेली असते. आपण ती फडक्यानं पुसतो आणि विसरून जातो. बुरशीचे बीजाणू रोज आपल्या श्वासातून आत जातात. धडधाकट शरीर ते परस्पर निपटून टाकतं.

फ्ल्यू किंवा कोविडनं इस्पितळात आलेल्या माणसाचं तसं नसतं. श्वासनलिकेच्या आतून बारीक लव असते, धूळ आणि कफ सतत वर ढकलणारी. विषाणू नेमकी तीच उद्ध्वस्त करतो. मग एरवी नाकाघशात निमूट राहणाऱ्या न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस या जिवाणूंना खाली फुप्फुसात उतरायला रान मोकळं. 1918 च्या साथीत बहुतेक माणसं या मागून आलेल्या न्यूमोनियानंच दगावली. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

आता अतिदक्षता विभागात या. व्हेंटिलेटरची नळी जीव तगवते, पण जंतूंनाही तीच वाट सापडते. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली. सिस्टर रुग्णाचं तोंड पुसतायत: आधी ओठांच्या कडा, मग हिरड्या, जीभ, नळीच्या मागची जागा. काही तासांनी पुन्हा तेच. या कामाचे आभार मानताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

2021 मध्ये म्युकरमायकोसिसनं, म्हणजे ‘काळ्या बुरशी’नं, देश हादरला. रक्तातली वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा भडिमार, यात बुरशीचं फावलं. ऑक्सिजनवरच्या रुग्णांना स्टेरॉइडनं वाचवलं हे खरं. पण घरी साध्या तापात कुणीतरी सुचवलं म्हणून घेतलेल्या त्याच स्टेरॉइडच्या गोळ्या घातक ठरतात. एकाच बाजूचा गाल सुजणं, नाकातून काळपट स्राव, हलणारे दात, डोळ्यांना दोन-दोन दिसणं: ही या बुरशीची लक्षणं दिसली तर एक दिवससुद्धा घालवू नये.

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या, आवारात पेजेचा डबा घेऊन बसलेल्या नातेवाइकांना मला एवढंच सांगायचंय. ताप उतरून दोन-चार दिवस बरे गेले आणि तो परत चढला, कफ पिवळा-हिरवा झाला, धाप वाढली, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. रात्रपाळीच्या सिस्टरना लगेच सांगा. कफाचा नमुना कल्चरला गेला की जंतू ओळखून त्यावर कुठलं औषध चालेल हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तो नमुना आज रात्रीच जाऊ दे.